सॉफ्ट कोरलच्या पहिल्या टाकीला लाइट कुठला आणि किती

चिंचवडहून एकांनी विचारलंय: 2 फूट बाय दीड बाय दीडची माशांची टाकी आहे, आधी प्लांटेड (गोड्या पाण्यातल्या वनस्पतींची) होती, आता मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याची करायची आहे, दोन क्लाउन मासे आणि थोडे कोरल (प्रवाळ). जुना 6500 केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, प्लांटेड लाइट चालेल का, का दुकानदार दाखवतोय तो 165 वॉटचा घ्यायचा, का यूट्यूबवर दाखवतात तसे दोन महागडे लाइट लावावेच लागतात? बजेट फार नाही, ऑफिसमधून यायला सात वाजतात, आणि पुढेमागे ॲनिमोनही (क्लाउन ज्यात राहतात तो डंख मारणारा समुद्री प्राणी) ठेवायचा आहे.

मी 14 वर्षं रीफ म्हणजे कोरलच्या टाक्या ठेवतोय, पुण्यातच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण नीट सांगतो.

लाइटचा विचार करायच्या आधी कोरल कुठले ठेवणार ते ठरवा. लोक उलटं करतात, आधी लाइट घेतात आणि मग त्याखाली काय जगेल ते शोधत बसतात. आपल्याकडे तर हा प्रश्न अजून महत्त्वाचा आहे, कारण दगडी कोरल म्हणजे ज्यांचा चुन्याचा सांगाडा असतो ते सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. सी फॅन पण त्यात आहे, ऑर्गन पाइप पण आहे. त्यामुळे नवीन माणसाला मी एकच सांगतो की मशरूम, झोआ, स्टार पॉलिप, लेदर, झेनिया, केनिया ट्री एवढ्यातच राहा, हे सॉफ्ट कोरल म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या मऊ कोरलमधले नेहमीचे प्रकार आहेत आणि यातच टाकी इतकी सुंदर होते की पुढची दोन-तीन वर्षं कशाची कमी वाटत नाही. दुकानात कुणी हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा असे दगडी कोरल दाखवून गळ घातली तरी नको म्हणा.

आता याचा लाइटशी थेट संबंध कसा तो बघा. अमेरिकेतले बहुतेक व्हिडिओ ॲक्रोपोरावाले लोक बनवतात. त्यांना 250-350 पार (उजेडाचं माप, पुढे सांगतो) लागतो, म्हणून ते 2 फुटाच्या टाकीवर दोन-दोन लाइट टांगतात आणि वर टी5 ट्यूबसुद्धा लावतात. आपला नवीन माणूस ते बघतो, तोच लाइट तेवढ्याच ताकदीवर चालवतो, आणि खाली असतात मशरूम. मी इतक्या वर्षांत लाइट कमी पडून मेलेले सॉफ्ट कोरल फार थोडे बघितलेत, जास्त लाइटने किंवा एकदम बदललेल्या लाइटने गेलेले मात्र भरपूर.

पार म्हणजे काय ते एकदा समजून घ्या म्हणजे वॉट आणि केल्विनच्या गोंधळातून सुटका होते. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं, म्हणजे तुम्ही खरं तर त्या शेवाळासाठी लाइट घेताय. 400 ते 700 नॅनोमीटरमधला उजेड या शेवाळाच्या उपयोगाचा, आणि एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती प्रकाशकण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, तो आकडा म्हणजे पार. भर दुपारचं ऊन साधारण 2000 असतं. सॉफ्ट कोरलला त्यातलं किती लागतं? मशरूमला 30 ते 75 पुरतं, झोआ 60 ते 120 मध्ये मस्त राहतात, स्टार पॉलिप आणि लेदर 80 ते 150. थोडं इकडेतिकडे चालतं, हे प्राणी जुळवून घेतात. आपल्या मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला बघा, झोआंचे गालिचे उघडे पडलेले दिसतात, डोक्यावर ऊन असतं, आणि भरती आली की तेच गढूळ पाण्याखाली जातात, दोन्ही सोसतात ते. मालवणला स्नॉर्कलिंग केलं असेल तर माहीत असेल की पाणी हिरवट असतं, लक्षद्वीपसारखं काचेसारखं नाही, तरी कोरल तिथे आहेत. (बघायचे फक्त, एक तुकडाही उचलून आणायचा नाही.) पण तिथे ते पिढ्यानपिढ्या त्या उजेडात वाढलेत. तुमच्या टाकीत येणारा तुकडा दुकानातल्या मंद निळ्या लाइटखालून येतो आणि तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी फुल पॉवरखाली ठेवता, तिथे सगळं बिघडतं.

माझ्या हातून हेच झालंय. आधी माझ्याकडे 24 वॉटच्या चार टी5 ट्यूब होत्या, सगळं छान चाललं होतं, दरवर्षी ट्यूब बदलायचा खर्च नको म्हणून एलईडी घेतला. लावला आणि डोळ्यांना अंधार वाटला, सगळं निळं निळं, म्हणून 80 टक्क्यांवर नेला. तेव्हा मला हे कळत नव्हतं की आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि गडद निळा त्याला फार कमी दिसतो, पण झूझँथेली नेमका तोच निळा, 420 ते 470 च्या आसपासचा, आवडीने घेते. म्हणजे मला कमी वाटत होतं आणि त्यांना दुपटीने पडत होतं. दहा दिवसांत बशीएवढं पसरलेलं लाल मशरूम आक्रसून नाण्याएवढं झालं, कडा आत वळल्या, रंग जाऊन मधे फिकट गुलाबी-पांढरट डाग आला. लेदर महिनाभर उघडला नाही. झोआंच्या वरच्या रांगेतले सात-आठ तर विरघळूनच गेले. पाणी तपासत बसलो, मीठ बदललं, सगळं केलं, आणि लाइटकडे लक्षच नाही कारण तो मला अंधुक दिसत होता. तेव्हापासून डोळ्यावर विश्वास ठेवत नाही.

याच कारणासाठी मोबाइलच्या लक्स ॲपवरही जाऊ नका. लक्स हे मापच माणसाच्या डोळ्याप्रमाणे बांधलेलं आहे. ऊन असेल तर साधारण 54 लक्सला 1 पार असा हिशोब बसतो, पण निळ्या रीफ लाइटखाली तो हिशोब साफ कोलमडतो, लक्स अगदी कमी दिसतं आणि पार भरपूर असतो. खरा पार मीटर महाग असतो, विकत घ्यायची गरज नाही, मरीन ठेवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असतोच, एक दिवसासाठी मागून घ्या. फक्त तो पाण्याखाली चालणारा आणि निळा नीट मोजणारा हवा, अपोजीचा एमक्यू-510 चालतो, त्यांची जुनी मॉडेलं निळा कमी दाखवायची. मोजताना वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा पंप) बंद ठेवा, नाहीतर आकडा सारखा नाचतो. वाळूवर मधोमध, वाळूच्या चारही कोपऱ्यांत, दगडाच्या अर्ध्या उंचीवर आणि टोकावर, असे आठ-नऊ आकडे कागदावर लिहून घ्या. तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा, पुढे कुठलं कोरल कुठे लावायचं हे त्यावरच ठरतं.

आता तुमच्या टाकीचं. 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटर म्हणजे काठोकाठ 121 लिटर, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाण्याची खोली साधारण 15 इंच. एवढ्याला 50-60 वॉटचा एक चांगला रीफ एलईडी पुरतो, दोन लागत नाहीत. एआय (ॲक्वा इल्युमिनेशन) कंपनीचा प्राइम किंवा त्या वर्गातला कुठलाही लाइट 2 फूट बाय 2 फूट जागा झाकतो. माझ्याकडे याच मापाच्या टाकीवर असा एक लाइट पाण्यापासून 10 इंच वर आहे, निळे चॅनल (वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे रंग) 60 टक्के आणि पांढरा 10, तर दगडाच्या टोकावर 130 च्या आसपास येतो, वाळूवर मधे 70 आणि कोपऱ्यात 35. बघा, आख्खी सॉफ्ट कोरलची रेंज एका लाइटमध्ये बसली: टोकावर लेदर, मधल्या उतारावर झोआ, खाली वाळूवर आणि कोपऱ्यात मशरूम. स्टार पॉलिप मात्र वेगळ्या सुट्या दगडावर ठेवा, मुख्य दगडावर चढला की आवरत नाही, झेनियाचंही तेच.

दुकानदाराचा 165 वॉटवाला म्हणजे तो काळा चौकोनी चायनीज बॉक्स असणार, 3 वॉटचे 55 एलईडी, म्हणून 165. खरं तर ते एलईडी पूर्ण ताकदीवर चालवलेलेच नसतात, मी दोन बॉक्सना प्लग मीटर लावून बघितलं, 110 च्या आसपास ओढत होते. वाईट लाइट आहे का? अजिबात नाही. बजेट कमी असेल तर घ्या बिनधास्त, मी तीन मित्रांना हाच लावून दिलाय. फक्त दोन गोष्टी बघून घ्या, निळ्या आणि पांढऱ्याला वेगवेगळे डिमर पाहिजेत, आणि लेन्स 90 डिग्रीच्या असतील तर मधे उजेडाचा खांब पडतो आणि कडा अंधारात राहतात, तेव्हा 12-14 इंच वर टांगायचा. सुरुवात निळा 30 टक्के, पांढरा 5 टक्के. यात हळूहळू उजाडणं-मावळणं बहुतेक मॉडेलमध्ये नसतं, तेवढी सोय जाते, तर निळा आणि पांढरा दोन वेगळ्या टायमरवर घ्या, निळा आधी चालू नंतर बंद.

टांगण्यावरून आठवलं, पीओपीच्या फॉल सीलिंगला लाइट टांगू नका. वर स्लॅबपर्यंत भोक पाडून अँकर बोल्ट मारायचा, नाहीतर टाकीच्या मागे लागणारा स्टँड घ्यायचा. एकांच्या घरी पीओपीसकट लाइट पाण्यात आलेला मी बघितलाय. आणि वायरिंग: लाइटची वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्यायची आणि मग वर प्लगकडे न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीच्या लाइनवर 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, मिठाच्या पाण्यात हात घालून काम करायचंय तुम्हाला आणि घरच्यांना पण, इथे पैसे वाचवू नका.

तुमचा 6500 केल्विनचा लाइट फेकू नका, पहिले सहा आठवडे तोच वापरा. टाकी सायकल होत असते, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढत असतात, तेव्हा आत लाइट लागणारं काहीच नसतं, मासे आल्यावर बघायला 4-5 तास पुरे. कोरल त्याखाली मरेल असं नाही, सॉफ्ट कोरल तगेल, पण रंग दिसणार नाही, झोआ जो निऑनसारखा चमकतो ना तो त्याच्या अंगातल्या फ्लुरोसंट प्रोटीनमुळे आणि ते पेटवायला निळाच उजेड लागतो. समुद्रातही तांबडा उजेड वरच्या काही मीटरमध्ये पाणी पिऊन टाकतं, खाली निळाच पोचतो, त्यामुळे या प्राण्यांची सगळी घडण निळ्यावर. रीफ लाइटमध्ये तांबडा आणि हिरवा चॅनल असेल तर 3-5 टक्क्यांच्या वर नेऊ नका, तो आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून असतो. केल्विनचा आकडा, 14000 का 20000, यावर डोकं खाऊ नका, एलईडीत तो फारसं काही सांगत नाही.

वेळेचं सांगतो. 9 ते 10 तास, त्यातले पहिले दोन आणि शेवटचे दोन चढ-उताराचे. तुम्ही सातला येता ना, मग दुपारी 1 ते रात्री 10 किंवा साडेदहा ठेवा, बघायला मिळणार नसेल तर टाकी ठेवायची कशाला. एप्रिल-मेमध्ये अजून एक-दीड तास पुढे ढकला, म्हणजे लाइटची उष्णता आणि तीन वाजताचं ऊन एकत्र येणार नाही, पाणी 25 ते 27 मध्ये राखायचंय. एक लक्षात ठेवा की कोरलला दिवसभराची बेरीज समजते, 100 पार 8 तास आणि 80 पार 10 तास हे जवळपास सारखंच, म्हणून ताकद वाढवायची भीती वाटत असेल तर आधी वेळ वाढवून बघा, पण 12 तासांच्या वर नको. विजेचं म्हणाल तर 60 वॉटचा लाइट सरासरी निम्म्या ताकदीवर 10 तास म्हणजे दिवसाला 0.3 युनिट, महिन्याला 9. चिलर आणि पंपांपुढे हा खर्च काहीच नाही.

आणि गुरुवार! मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हा लोक घाबरून रीफ लाइट इन्व्हर्टरवर घेतात. नका घेऊ. कोरल दोन दिवस अंधारात आरामात राहतं, समुद्रावर पण ढग येतात. इन्व्हर्टरवर घ्यायचा तो वेव्हमेकर, नाहीतर एअर पंप, कारण ऑक्सिजन संपायला दोन दिवस लागत नाहीत. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर असेल तर लाईट जितके तास गेली तितके तास तो मागे पडतो, गुरुवारी रात्री आठवणीने जुळवा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत तुमच्या कोरलची दुपार मध्यरात्री व्हायला लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाढवायचं कसं. नवीन तुकडा आला की आधी वाळूवर, कडेला. लाइट जिथे शेवटी न्यायचाय त्याच्या निम्म्यावर ठेवा आणि आठवड्याला 5 टक्के असा चढवा, पाच-सहा आठवडे जाऊ द्या. मधे हात लावायचा नाही. झोआ रोज ऑफिसमधून आल्यावर जवळ जाऊन बघा: लाइट कमी पडत असेल तर त्यांचे देठ लांबतात, मान उंच करून बघितल्यासारखे वर ताणतात, चकती मोठी आणि पातळ होते, रंग तपकिरीकडे झुकतो कारण आतलं शेवाळ संख्या वाढवून भरपाई करत असतं. जास्त होत असेल तर उलट, देठ आखूड, पॉलिप दगडाला चिकटून बसतात, अर्धवट मिटलेले, कडेची झालर आत ओढलेली, आणि तोंडाभोवतीचा रंग उडायला लागतो. मशरूम कमी उजेडात ताटासारखं पसरतं, जास्तीत कपासारखं वळतं. लेदर मात्र फसवतो, तो अधूनमधून अंगावर मेणासारखी कात आणतो आणि आठ-दहा दिवस बंद राहतो, ते लाइटमुळे नाही, थोडा पाण्याचा फ्लो वाढवला की कात निघून जाते. जास्तीची खूण दिसली तर लाइट लगेच 10-15 टक्के उतरवा किंवा तुकडा खाली न्या. कमीची खूण असेल तर घाई नाही, आठवडाभर थांबा आणि मग 5 टक्के.

अचानक बदल फक्त डिमरनेच होतो असं नाही. महिनोन्महिने कार्बन (पाण्यातला पिवळेपणा शोषणारा कोळसा) न टाकलेलं पाणी पिवळसर झालेलं असतं, तुम्हाला रोज बघून कळत नाही, एक दिवस भरपूर ताजा कार्बन टाकला की पाणी स्वच्छ होतं आणि खाली एकदम जास्त पार पोचतो, कोरल भाजतं. तसंच वरच्या काचेवर मिठाचा थर साचलेला असतो आणि दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ती लख्ख पुसतं. म्हणून कार्बन थोडा थोडा पण नियमित, आणि काचेच्या झाकणाऐवजी जाळीचं झाकण, क्लाउनसुद्धा उडी मारतात. लाइटची लेन्स आठवड्यातून एकदा, बंद करून गार झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने. पंख्यावर धूळ बसते तीही झटका, पंखा अडला की एलईडी तापतात आणि लवकर जातात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी पसरेल, डायटम, ती येतेच नव्या टाकीत, आपोआप जाते. त्यानंतर हिरवं केसाळ शेवाळ आलं तर लाइटला दोष देऊन 3 तासांवर आणू नका, त्याने कोरल उपाशी राहतं. नायट्रेट-फॉस्फेट बघा, खाणं कमी करा, गोगलगायी वाढवा. खिडकीतलं ऊन थेट टाकीवर येत असेल तर मात्र पडदा लावा, ते ना मोजता येतं ना बंद करता येतं.

ॲनिमोनचं विचारलंत. बबल टिप जातीच्या ॲनिमोनला 150-250 पार तरी हवा, आणि तो जागा बदलत फिरतो, जिथे जाईल तिथल्या झोआंना डंख मारतो, वेव्हमेकरमध्ये अडकला तर सगळी टाकी नासते. वर्षभर टाकी स्थिर राहिली की मग बघा, आणि तेव्हा दुकानात पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा ॲनिमोन ‘रेअर आहे’ म्हणून दाखवतील तो घेऊ नका, पांढरा म्हणजे ब्लीच झालेला, आतलं शेवाळ गेलेलं, उपाशी जनावर असतं ते, आणि भडक पिवळा बहुतेकदा रंगवलेला. तपकिरी किंवा हिरवट, पायाने घट्ट धरलेला, तोंड मिटलेलं, असाच घ्यायचा. तोवर क्लाउनची काळजी करू नका, माझी जोडी चार वर्षं लेदरमध्येच झोपते.

तुम्ही आधी दगड रचून घ्या, लाइट टांगा, मीटर मागून आकडे घ्या. ते आणि दगडाचा समोरून काढलेला फोटो पाठवलात तर पहिले दोन मशरूम आणि एक झोआचा तुकडा कुठे लावायचा ते खूण करून सांगतो.